कॉलेजच्या आवारात बॅटरीची गाडी : खर्च किती, नियम काय आणि अडतं कुठे?

भाईंदर (पश्चिम) : स्टेशनवरून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं लागतात. एका बाजूला मिठागरं आणि खाडी, पुढे चढ आणि शेवटी समुद्र. या पट्ट्यातली मुलं रोज कॉलेजला जायला बस, रिक्षा नाहीतर घरची स्कूटर वापरतात. पेट्रोल शंभरी ओलांडून गेल्यापासून घराघरात एकच प्रश्न आहे : बॅटरीची गाडी घ्यावी का? आणि कॉलेजांनाही आता हाच प्रश्न पडलाय, पण वेगळ्या कारणाने.

ते कारण म्हणजे 'नॅक'. कॉलेजला दर्जा देणारी ही संस्था मूल्यांकनाच्या सातव्या निकषात हरित आवाराबद्दल विचारते. बाहेरच्या वाहनांना आवारात मर्यादा आहे का, सायकल किंवा बॅटरीवरची वाहनं वापरता का, चालणाऱ्यांसाठी वाट आहे का, असे मुद्दे त्यात असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानेही पर्यावरणपूरक आवारासाठी 'सतत' नावाचा आराखडा दिला आहे. (शेणखत-कचऱ्यापासून गॅस बनवण्याची 2018 ची केंद्राची योजनाही 'सतत'च. नाव एक, योजना दोन. गल्लत करू नये.) पण नॅकची समिती येणार म्हणून एक बॅटरीगाडी आणायची आणि समिती गेल्यावर ती ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, याला काही अर्थ नाही. उभ्या गाडीची बॅटरी वापराविनाही खराब होते.

कुठे काय चाललंय

पवईच्या आयआयटीचं आवार पाचशे एकरांहून मोठं. तिथे आतल्या आत फिरणाऱ्या गाडीला विद्यार्थी 'टमटम' म्हणतात. मुद्दा साधा आहे : आत सामायिक गाडी असेल तर प्रत्येकाला स्वतःची गाडी आत न्यावी लागत नाही. याच संस्थेतले विद्यार्थी शर्यतीची इलेक्ट्रिक कार स्वतः बनवून इंग्लंडमधल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरवतात.

पण खेड्यापाड्याला जवळचं उदाहरण फलटणचं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ई-रिक्षा रस्त्यावर दिसायच्या कितीतरी आधी बॅटरीवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली होती. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन बस ऑगस्ट 2022 मध्ये दाखवण्यात आली. हायड्रोजन मात्र अजून कॉलेजच्या खिशाला परवडणारा नाही. तो विषय इथेच सोडू.

चढाच्या रस्त्यावर बॅटरीगाडी टिकते का, याचं उत्तर माथेरानने दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर 2022 मध्ये तिथे ई-रिक्षांची चाचणी झाली. शाळेतल्या मुलांनाही त्याचा उपयोग झाला. ऑगस्ट 2025 मध्ये तर न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सांगितलं.

हिशेब

रोज येऊन-जाऊन 20 किलोमीटर धरा. पेट्रोल स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 104 रुपये असेल, तर दिवसाला 46 रुपये. महिन्याचे 24 दिवस धरले तर अकराशे. बॅटरीची स्कूटर एका युनिटला साधारण 25 ते 30 किलोमीटर जाते. युनिट 10 रुपये धरलं तरी दिवसाला 8 रुपये, महिन्याला दोनशेच्या आत. म्हणजे महिन्याला नऊशे रुपये वाचले.

पण हे नऊशे सगळे खिशात राहत नाहीत. पुढे कधीतरी बॅटरी बदलावी लागते आणि तिला हजारोंनी पैसे पडतात. म्हणून गाडीच्या किमतीआधी बॅटरीची वॉरंटी विचारा. ती बहुतेक 3 वर्षांची असते, काही कंपन्या 8 वर्षांपर्यंत देतात. कॉलेजने ई-रिक्षा घेतली तर लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते, पण चार्ज व्हायला 8-10 तास घेते आणि दीड-दोन वर्षांत दम सोडते. लिथियम महाग, पण 3-4 तासांत भरते आणि जास्त टिकते. दिवसभर फेऱ्या मारायच्या असतील तर लिथियमच बरी.

सीएनजीचं काय? मिरा-भाईंदरमध्ये महानगर गॅसचं जाळं आहे, त्यामुळे कॉलेजच्या बससाठी तो आजही सोयीचा पर्याय आहे. आतल्या तालुक्यांत पंप लांब असतो, आणि गॅस भरायला जाण्यातच फायदा जातो.

नियम, आणि आईबापांनी वाचायची गोष्ट

250 वॅटपर्यंतची मोटर, ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग आणि बॅटरी सोडून 60 किलोपेक्षा कमी वजन, अशा गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. याहून ताकदवान गाडीला दोन्ही लागतं, आणि हिरवी नंबरप्लेटही. दुकानदार 'लायसन्स नको' म्हणून वेगवान गाडी गळ्यात मारतात, तिथे फसू नका. अकरावी-बारावीचा मुलगा अशी गाडी चालवताना सापडला तर 2019 च्या सुधारित कायद्यानुसार पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. गाडी बॅटरीची आहे म्हणून सूट नाही.

चार्जिंग पॉइंट लावायला वीज कायद्याचा वेगळा परवाना लागत नाही. वीज कंपनीकडे ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याचं वेगळं मीटर मागता येतं. भाईंदरला अदानी, बाकी ग्रामीण भागात महावितरण. कॉलेजने आधी जुनी वायरिंग तपासून घ्यावी. एका सॉकेटवर मल्टीप्लग लावून चार स्कूटर चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि खारी हवा. उत्तन, चौक, पाली या किनाऱ्याच्या गावांत सायकलची चेनसुद्धा दोन पावसाळ्यांत गंजते. गाडीचे कनेक्टर, चार्जरच्या पिना यांच्यावर हिरवट थर आला की चार्ज नीट होत नाही आणि पिन गरम होते. चार्जिंगची जागा छताखाली, जमिनीपासून उंच हवी. पावसात भिजलेली गाडी लगेच प्लगला लावू नये. 2022 मधल्या आगीच्या घटनांनंतर बॅटरीसाठी एआयएस-156 हे सुरक्षा मानक कडक झालं, म्हणून जुनी गाडी घेताना बॅटरी त्या मानकाची आहे का, हे कागदावर बघा, तोंडी ऐकू नका.

दुरुस्तीला माणूस कुठला, हा प्रश्न गावात पहिला येतो. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये चालतो का, ते प्रवेशाच्या आधी तिथे जाऊन विचारता येतं. अनुदानाचे आकडे दरवर्षी बदलतात. शोरूमवाला सांगेल त्यावर न जाता, गाडी बुक करायच्या दिवशी सरकारी पोर्टलवर बघावेत आणि बिलात ती रक्कम वजा झाली की नाही, हे तपासावं.