गाजराची पुंगी

वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही गाजराच्या पुंगीची म्हण ज्या व्यवहारात तोटा म्हणून संभवतच नाही अशा व्यवहाराला आपण लावतो. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वैद्यकाने याच गाजराच्या रंगद्रव्यावर कर्करोगनिवारणाची जी भिस्त ठेवली, तिच्या मुळाशीही, योगायोगाने म्हणा, नेमका हाच हिशेब होता. तो कसा मांडला गेला आणि कोठे चुकला, याचा वृत्तांत दीडशे वर्षांहून मोठ्या कालखंडाचा आहे.

गाजराची लागवड प्रथम अफगाणिस्तान-इराणच्या प्रदेशात झाली असे मानतात, आणि तेथील जुनी गाजरे जांभळी व पिवळी होती. आज जगभर सर्वत्र दिसणारे नारिंगी गाजर सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात, विशेषतः हॉलंडमध्ये, रुळले. आपल्या मंडईत थंडीच्या दिवसांत उतरणाऱ्या लाल गाजराचा रंग टोमॅटोलाही लाली देणाऱ्या लायकोपीनचा, काळ्या गाजराचा अँथोसायनिनचा, आणि नारिंगी गाजराचा कॅरोटीनचा. या तिघांपैकी विज्ञानाच्या दप्तरी सर्वांआधी नोंद झाली ती कॅरोटीनची. 1831 साली हाइनरिख वाकेनरोडर नावाचा जर्मन रसायनज्ञ गाजराच्या रसात जंतांवरील औषध शोधीत असता त्याच्या हाती रंगद्रव्याचे स्फटिक लागले, आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्याने त्यांचे नामकरण केले.

पुढे या रंगाच्या पृथक्करणाची विद्याच निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सा येथे मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून तीतून पानांचा अर्क झिरपू दिला, तेव्हा एकजीव वाटणारा हिरवा रंग हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत विभागला गेला, आणि पानांच्या हिरवेपणाखाली गाजराचा वर्ण दडलेला असतो हे डोळ्यांना दिसले. 1907 मध्ये रसायनज्ञ व्हिल्स्टेटरने कॅरोटीनच्या रेणूत कार्बनचे 40 व हायड्रोजनचे 56 अणू मोजले. 1930 च्या सुमारास केंब्रिजच्या टॉमस मूरने उंदरांच्या यकृतात या रंगाचे अ जीवनसत्त्व होते हे सिद्ध केले. त्याच सुमारास झुरिकच्या पॉल काररने कॅरोटीनची संपूर्ण रचना उलगडली, आणि 1937 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ज्याची रचना कळली ते कारखान्यात घडविता येऊ लागले, आणि मूठभर गोळ्यांत गाजरांची रास सामावल्याचा भास होऊ लागला.

कर्करोगाशी या रंगाचा संबंध जोडला गेला तो प्रयोगशाळेपेक्षा लोकांच्या ताटांवरून. 1975 मध्ये नॉर्वेतील बेल्के याने, अ जीवनसत्त्व व त्याची पूर्वद्रव्ये आहारातून अधिक घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असा दाखला प्रसिद्ध केला. आणि 1981 मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल प्रभृतींनी 'नेचर' नियतकालिकात असा सर्व पुरावा एकत्र मांडला. पेशींना जाळणाऱ्या चंचल रेणूंना कॅरोटीन निष्प्रभ करते, ही उपपत्ती आकर्षक होती. तथापि त्या लेखाचे शीर्षक प्रश्नार्थक होते, आणि गुण कदाचित भाज्यांतील दुसऱ्याच कशाचा असेल, म्हणून प्रत्यक्ष चाचणी हवी, असा लेखकांचा सावध अभिप्राय होता. चाचण्या सुरू झाल्या, कारण गुण आला नाही तरी अपाय होणार नाही, अशी तेव्हा सर्वांची खात्री होती.

फिनलंडमध्ये 50 ते 69 वर्षे वयाच्या 29,133 धूम्रपानी पुरुषांची निवड होऊन त्यांपैकी निम्म्यांना रोज 20 मिलिग्रॅम कॅरोटीन देण्यात आले. पाव किलो नारिंगी गाजरांतही साधारण तेवढेच असते. परंतु गोळीतले कॅरोटीन रक्तात असे उतरले की, त्याचे तेथील प्रमाण सुमारे 17 पट झाले. 1994 मध्ये निकाल आला, तो कोणाच्याही अपेक्षेच्या विपरीत: कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसशी काम पडलेले अशा 18,314 जणांवर चाललेल्या दुसऱ्या चाचणीतही, जिच्यात कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही दिले जात होते, तोच अनुभव आल्याने ती जानेवारी 1996 मध्ये मुदतीच्या 21 महिने आधीच बंद करावी लागली. आणि 22,071 अमेरिकन डॉक्टरांनी 12 वर्षे स्वतःवर केलेल्या प्रयोगात लाभ वा हानी यांपैकी काहीच दिसले नाही. उलट चीनमधील लिन्शियान येथे, जेथील जनतेचा आहारच निकस होता, कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र दिल्याने जठराच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. उण्याची भरपाई झाली तेथे उपकार झाला. भरल्या ताटावर, धुराने होरपळलेल्या फुप्फुसांत, तेच द्रव्य वैरी ठरले.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट फिनलंडच्याच दप्तरात आहे. गोळ्या सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या आहारात व रक्तात कॅरोटीन मुळातच अधिक होते, त्यांना हा रोग तुलनेने कमी झाला. म्हणजे 1981 च्या लेखकांनी पाहिलेला संबंध खोटा नव्हता. परंतु रक्तातील तो रंग गाजर, पालक, भोपळा रोज खाणाऱ्या माणसाच्या एकंदर राहणीची खूण होता, आणि खुणेलाच कारण समजून तिची गोळी करण्यात आली. रंग वेगळा काढल्यावाचून तो ओळखता आला नसता, त्यामुळे वाकेनरोडरपासून काररपर्यंतच्या पृथक्करणाला दोष देता येत नाही; दोष आहे तो, वेगळ्या काढलेल्या अंशाच्या अंगी पूर्णाचा गुण राहील असे गृहीत धरण्याचा.

आज कर्करोग टाळण्यासाठी कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत, धूम्रपान करणाऱ्यांनी तर मुळीच घेऊ नयेत, अशी वैद्यकाची शिफारस आहे, आणि विविध भाज्या-फळे खावीत ही शिफारस तशीच कायम आहे. म्हण गाजराची होती, आणि गाजरापुरती ती आजही खरी आहे: न वाजलेली पुंगी मोडून खाता येते. गोळीला मात्र ती लागू पडत नाही.