खत वाचल्याशिवाय अंगठा नाही

मागच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइल पुढे केला. "यावर कर्ज घेतलं, पण हप्ता का वाढला तेच कळेना." अटी वाचल्या होत्या का? "इंग्रजीत होतं सगळं, मी नुसतं दाबत गेले." पैसे देणारा कोण, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आम्हाला सुपे आठवलं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या या गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. कापसाचा भाव पडलेला, सारा वाढलेला. त्यांना हवी होती कर्जाची खतं. ती हिसकून त्यांनी जाळली, कारण न वाचता अंगठा दिलेल्या कागदावर जमिनी जात होत्या. पुढे 1879 चा कायदा आला. खत निबंधकासमोर लिहायचं, सावकारानं पावती आणि हिशेब द्यायचा.

1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पण जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे बाईला आधार भिशीचाच. 1992 साली नाबार्डनं 500 बचत गट बँकांशी जोडायचं काम हाती घेतलं, आणि तारणाशिवाय, एकमेकींच्या शब्दावर कर्ज मिळण्याची वाट खुली झाली.

आता ऑनलाइन वाट आली आहे. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला कर्ज देतो, मधली कंपनी फक्त गाठ घालून देते. 2005 मध्ये इंग्लंडात हे सुरू झालं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये नियम केले. कंपनीनं स्वतःचे पैसे कर्जाऊ द्यायचे नाहीत, मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. बँकेच्या फेऱ्या वाचतात, हे खरं. पण कंपनी खात्यातली उलाढाल आणि जुन्या कर्जाची नोंद बघते. रोखीनं भाजी विकणारी आपली मैत्रीण तिथं दिसतच नाही. मग ती नोंदणी नसलेल्या ॲपकडे वळते, आणि फसते.

डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार वार्षिक व्याज आणि सगळे शुल्क आधी एका पत्रकात सांगायला हवेत. फोनमधल्या नावांच्या यादीला ॲपनं हात लावायचा नाही.

ताईंच्या अटी आम्ही बसून मोठ्यानं वाचल्या. उशिराचा दंड रोज चढत होता. तेव्हापासून आमच्या गटात ठरलंय, मोबाइलवर कर्ज घ्यायचं तर आधी कंपनीची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी आहे का ते पाहायचं, ते पत्रक बैठकीत वाचायचं आणि मगच बटण दाबायचं. मोबाइलमधलं खत जाळता येत नाही, बायांनो. तुमच्याही गटात हे ठरवाल ना?