शहाणपण ठेवू, श्रद्धा सोडू?

अकोला-पूर्णा मार्गावरचं जऊळका हे छोटं स्टेशन. मीटरगेज होती तेव्हापासून या पट्ट्यातली पोरं गाडी धरून शिकायला, नोकरीला बाहेर पडली, आणि घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेरवीला परत येतात. पंगती उठल्यावर मांडवात एक मत हमखास ऐकू येतं. आबांचं शहाणपण मोठं होतं, ते आपण जपू. पोथ्या, माळ, एकादशी हे त्यांच्या काळाचं, ते त्यांच्यासोबत गेलं. मग पोथ्यांचं गाठोडं नदीत सोडलं जातं, कडेला पावसापाण्याच्या नोंदी केलेली जुनी पंचांगं रद्दीत जातात आणि भिंतीवरच्या फोटोला हार चढतो.

हे मत शिकलेल्या, आईबापांवर माया असलेल्या माणसांचं आहे. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष त्यांच्याच ताकदीनं मांडायला हवा. ते म्हणतात, श्रद्धेच्या नावावर विटाळ पाळला गेला, बकरी कापली गेली, तेरवीपायी वावरं गहाण पडली. यातलं एकही खोटं नाही. साक्षीला ते गाडगेबाबांना उभं करतात. कर्ज काढून दिवस घालू नका, हे बाबांनी गावोगाव हात जोडून सांगितलं.

पण ही साक्ष पुरती ऐकली पाहिजे. १८७६ ते १९५६ या आयुष्यात बाबांनी रीत मोडली ती देवाचं नाव घेऊनच. मुलीच्या बारशाला मटण-दारूची चाल होती. त्यांनी गोड जेवण घातलं. बारसं काही रद्द केलं नाही. दिवसभर हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनाचा शेवट नामाच्या गजरात. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभी केली ती चोखामेळ्याच्या नावानं, आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. विटाळावर याहून मोठा घाव कोणता? तो घालायचं बळ कुठून आलं, हे विचारल्याशिवाय बाबांना श्रद्धेविरुद्धचे साक्षीदार करता येणार नाही.

आता शहाणपणाकडे येऊ. मृग लागला, दोन सरी पडल्या, की गाव पेरायची घाई करतं. जुना कास्तकार वावरात जाऊन हातभर उकरायचा, खालची माती मुठीत दाबून पाहायचा, आणि ओल खाली उतरली नसेल तर परत यायचा. आज कृषी विभागही सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. माहिती तीच आहे, मोबाईलवर फुकट मिळते. तरी दुबार पेरणीची पाळी येतेच, कारण अडचण माहितीची नाही, धीराची आहे. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसत असताना आपली उभी ठेवायला काळीज लागतं. त्या म्हाताऱ्याच्या घरी तिफणीला हळदकुंकू लागायचं, सरत्यामागं चालणाऱ्या बाईची ओटी भरली जायची. पेरणं म्हणजे नुसतं बी जमिनीत टाकणं नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही त्यातून कळायचं. आणि देणारा वेगळा आहे असं मानणाऱ्याला चार दिवस थांबणं जड जात नव्हतं. पूजेनं पाऊस पडतो, असं माझं म्हणणं नाही. पूजेनं माणूस थांबतो, एवढंच म्हणणं आहे.

माळेचंही तेच. दारू वाईट हे कोणत्या पिणाऱ्याला ठाऊक नसतं? ज्यानं चारचौघांत गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली, त्याच्या ‘नाही’ला विठ्ठल साक्षीला असतो, गाव साक्षीला असतं. माळ काढून ठेवा आणि उपदेश तेवढा जपा. तो भिंतीवरच राहतो.

यावर कोणी म्हणेल, ही खेड्यातली उदाहरणं झाली. तर मग आपल्याच वऱ्हाडातला सगळ्यात मोठा दाखला घेऊ. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे, म्हणजे कायमचे निघून गेले. मागे राहिलेली मंडळी रिद्धपूरला जमली. तिथं त्यांचा शिष्य म्हाइंभट यानं गुरूच्या शिकवणुकीचा सारांश काढला नाही. पंथप्रमुख नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यानं ज्याला जे आठवत होतं ते गोळा केलं: स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय बोलले. लोणारचे प्रसंग त्यात आहेत, साध्या बायाबापड्यांचे प्रश्न आहेत. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे परंपरेनं दोन्ही पाठ नोंदवून ठेवले. तेच लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ.

पुढे याच पंथातल्या केसोबासांनी त्यातून वचनं वेचून सूत्रपाठ केला. म्हणजे निव्वळ शहाणपण वेगळं काढायचा प्रयोग सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, आणि तोही भक्तांनीच केलेला. झालं काय? सूत्र हाती राहिलं, पण ते कोणाला, कोणत्या वेळी म्हटलं होतं हे कळेना तर अर्थ लागेना. म्हणून सूत्राला त्याचा प्रसंग जोडून देणारा ‘प्रकरणवश’ रचावा लागला. वचन पुन्हा माणसाकडे न्यावं लागलं.

राहिला खरा आक्षेप: मग विटाळही ठेवायचा का? नाही. तो नाव घेऊन टाकायचा. आबा इथं चुकत होते, हे तेरवीच्या मांडवात स्पष्ट बोलायचं. मात्र चूक टाकायलाही ती कुठे होती ते ठाऊक पाहिजे. गाठोडं न सोडताच नदीत टाकणारा चांगलं-वाईट निवडत नाही. तो न वाचताच निकाल देतो.

तेव्हा पुढच्या तेरवीला स्वयंपाकाची यादी करण्याआधी एकानं वही घ्यावी आणि आजीजवळ बसावं. आबांनी माळ कोणाच्या हातून घातली, कोणत्या साली पेरणी थांबवली, कोणाशी आयुष्यभर बोलले नाहीत आणि का, हे सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून घ्यावं. काकांचं आणि आत्याचं म्हणणं जुळलं नाही, तर दोन्ही लिहावं.