लिलावात निघालेला राजवारसा : सम्राज्ञी युजेनीचा टियारा आणि १८८७ ची विक्री

प्रस्तावना

राजसत्ता संपुष्टात आल्यानंतर तिच्या रत्नालंकारांचे काय करावे, या प्रश्नाला फ्रान्सने १८८७ मध्ये लिलावाने उत्तर दिले. सम्राज्ञी युजेनी हिच्या मोती व हिरेजडित टियाराच्या, म्हणजे शिरोभूषणाच्या, आधारे या निर्णयाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अलंकारांची मालकी

राजा पहिला फ्रान्सिस याने १५३० मध्ये काही निवडक रत्ने राजाची खाजगी मालमत्ता नसून राजपदाची आहेत, असे ठरवून दिले. त्यामुळे राजे बदलले तरी रत्नसंग्रह कायम राहिला. प्रत्येक राजवटीने मात्र जुनी रत्ने काढून नवे दागिने घडवले. तिसरा नेपोलियन व युजेनी यांच्या १८५३ मधील विवाहानिमित्त पॅरिसचा जवाहिरा लमोनिए याने केलेला टियाराही याच परंपरेतला होता. त्यात २१२ मोती, १,९९८ हिरे आणि रोझ पद्धतीने पैलू पाडलेले ९९२ हिरे होते. त्यातील मोती पहिल्या नेपोलियनची पत्नी मारी-लुईझ हिच्या अलंकारांतून आले होते.

विक्रीमागील राजकारण

१८७० मध्ये साम्राज्य कोसळले, तरी राजेशाही परत येण्याचे भय प्रजासत्ताकाला दीर्घकाळ वाटत राहिले. जून १८८६ मध्ये राजघराण्यांच्या प्रमुखांना देशाबाहेर घालवणारा कायदा झाला. पाठोपाठ जानेवारी १८८७ मध्ये राजरत्नांच्या विक्रीचा कायदा आला. मुकुटच उरला नाही तर राजाही परतणार नाही, अशी त्यामागील धारणा होती. रीजंट हिऱ्यासारख्या मोजक्या वस्तू संग्रहालयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. उर्वरित अलंकारांचा ६९ गटांत मे १८८७ मध्ये लूव्र येथे लिलाव झाला. त्यातून सुमारे ७२ लाख फ्रँक मिळाले. अमेरिकेच्या टिफनी कंपनीने एक तृतीयांशाहून अधिक गट घेतले. व्यापाऱ्यांनी अनेक दागिने मोडून त्यांतील रत्ने सुटी विकली.

परिणाम

युजेनीचा टियारा अभंग राहिला, याचे कारण तो जर्मनीतील थुर्न उंड टाक्सिस या सरदार घराण्याकडे गेला. १९९२ मध्ये जिनिव्हा येथे तो पुन्हा लिलावात निघाला, तेव्हा लूव्रच्या मित्रमंडळाने तो संग्रहालयासाठी विकत घेतला. अर्थात शासनाने निरुपयोगी म्हणून विकलेली वस्तू एक शतकानंतर वारसा म्हणून मोल देऊन परत आणावी लागली. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी लूव्रच्या अपोलो दालनातून आठ अलंकार चोरीस गेले. त्यांत हा टियाराही होता.

समारोप

प्रजासत्ताकाची भीती निराधार नव्हती. परंतु राजाचे प्रतीक आणि राष्ट्राची संपत्ती यांतील भेद तिने पुसून टाकला. १५३० पासून जी रत्ने व्यक्तीची नव्हती, ती राजेशाहीच्या अंतानंतर स्वाभाविकपणे जनतेची झाली होती. जनतेच्याच प्रतिनिधींनी ती खाजगी हाती सोपवली. मोडलेल्या अलंकारातील हिऱ्याची किंमत टिकते, इतिहास टिकत नाही. १८८७ च्या विक्रीपूर्वी बेर्तो याने काढलेली छायाचित्रे हीच आज विखुरलेल्या अनेक दागिन्यांची साक्ष आहे. म्हणून वारशाच्या विक्रीचा निर्णय घेताना मिळणाऱ्या रकमेबरोबरच कायमच्या गमावल्या जाणाऱ्या पुराव्याचाही हिशेब मांडणे आवश्यक ठरते.