वाफेच्या झडपेपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत

१/ कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० साली जलंब–खामगाव लोहमार्ग सुरू झाला. वाफेच्या इंजिनाचा चालक एका दांड्याने झडप कमीअधिक उघडून वेग राखीत असे. मोटारीची थ्रॉटल बॉडी त्याच तत्त्वावर चालते. येथे वाफेऐवजी हवा अडवली जाते.

२/ २००० नंतरच्या प्रदूषण-नियमांमुळे मोटारींतला कार्ब्युरेटर मागे पडला. तरी इंजिनातील तेलकट वाफ हवामार्गात परतते, झडपेवर काजळी धरते आणि उभी गाडी थरथरते.

३/ घरी सफाई करताना इंजिन थंड असावे, द्रावण मऊ कापडावर घ्यावे, विजेवर चालणारी झडप बोटाने ढकलू नये. पूर्वी कारागीर स्क्रू पिळून, आवाज ऐकून माप बसवी. आता ते संगणक लक्षात ठेवतो. म्हणून सफाईनंतर काही गाड्यांना ते नव्याने शिकवावे लागते.