शेती सामुदायिक, पण जमीन कोणाची?

समाजवादी देशांनी एकमेकांची आंधळी नक्कल केली आणि म्हणून ते बुडाले, असे आपल्याकडे ठोकून सांगितले जाते. इतिहास तसा नाही. युगोस्लाव्हियाने १९५३ साली शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीतून बाहेर पडण्याची मोकळीक दिली. १९५६ मध्ये पोलंडमधली बहुतेक सामुदायिक शेते मोडली. चीनचे हुआ गुओफेंग १९७८ साली युगोस्लाव्हिया पाहून आले. पुढे पोलंडचे ब्रुस आणि चेकोस्लोव्हाकियाचे शिक या अर्थतज्ज्ञांना चीनने बोलावून ऐकले. दोघांनाही मायदेश सोडावा लागला होता, हे विशेष!

शिकायला आपला देशही गेला होता. १९५६ सालीच भारत सरकारने नागपूरचे आर. के. पाटील यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ चीनमधील शेती सहकार पाहायला पाठवले. तिकडे पोलंड ज्यातून बाहेर पडत होता, ते आपण चीनमध्ये पाहत होतो. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमीन एकत्र कसायची, पण मालकी ज्याची त्याची. मालकाला जमिनीच्या प्रमाणात वाटा आणि भूमिहीनाला फक्त त्याच्या कामाचा. एवढ्यावरही राजाजी, रंगा, चरणसिंग खवळले आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष उभा राहिला.

आता बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून बघा. साल १९४७. त्यातही सामुदायिक शेती आहे, पण पहिली अट जमीन राज्याच्या मालकीची. मालकाला कर्जरोख्यांत मोबदला द्यायचा, जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यायची आणि पाणी, जनावरे, अवजारे, बी-बियाणे, खत राज्याने पुरवायचे. जमीनदार, कूळ, शेतमजूर हे भेदच उरू नयेत, हा हेतू. तुकडेजोड आणि कूळकायदा यांनी सहा कोटी अस्पृश्य शेतमजुरांचे काहीही भले होणार नाही, हे त्यांनी तिथेच लिहिले. रशियातली हुकूमशाही मात्र त्यांनी नाकारली. समाजवाद संविधानातच लिहावा, म्हणजे बहुमत बदलले तरी तो पुसता येणार नाही आणि संसदीय लोकशाहीही टिकेल, ही त्यांची मांडणी. दुसऱ्याच्या प्रयोगातून काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे असे ठरवायचे असते.

वाकोल्यातल्या आमच्या तरुणांशी बोलताना एक प्रश्न हटकून येतो: चीनने शेवटी कम्युन मोडलेच ना, मग बाबासाहेबांची योजनाही बादच नाही का? प्रश्न रास्त आहे. कम्युनच्या काळात चीनमध्ये भीषण दुष्काळ पडून कोट्यवधी माणसे मेली, हे झाकण्यात अर्थ नाही. पण कम्युन मोडले तेव्हा काय झाले तेही पाहा. जमिनीची मालकी गावाच्या समूहाकडेच राहिली. कसण्याचा हक्क कुटुंबांना मिळाला, तोही बहुतेक ठिकाणी माणसे मोजून. व्हिएतनामने १९८८ साली असाच मार्ग धरला. जुनी जमीनदारी आधीच मोडलेली होती, म्हणून बाजार आला तेव्हा गरीब कुटुंबाच्या हातीही कसायला तुकडा होता. आपल्याकडे १९९१ साली बाजार खुला झाला, तेव्हा गावकुसाबाहेरच्या बहुतेक घरांकडे सातबाराच नव्हता. चीनच्या सुधारणांचे दाखले देणारे आपले अर्थपंडित नेमके हेच वगळतात.

नागपूरचा ठराव झाला त्याच १९५९ साली महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला आणि लाखोंनी तुरुंग भरले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली एक मुख्य मागणी होती.