पृथ्वीच्या गोलावर उभा तिरंदाज : जहांगीर, मलिक अंबर आणि जुन्नर

१/ एकचाकी सायकलवर तोल सांभाळत धनुष्य ओढायचे आणि लक्ष्यही भेदायचे, हा प्रकार आज सर्कशीत शोभेल असा वाटतो. परंतु याहून अवघड जागी उभ्या असलेल्या एका तिरंदाजाचे चित्र सुमारे ४०० वर्षांपूर्वी मोगल दरबारात रंगवले गेले. त्याच्या पायाखाली चाक नाही, पृथ्वीचा गोल आहे. आणि त्याचे लक्ष्य आहे एक असा पुरुष, ज्याने काही काळ जुन्नरमधून राज्याची सूत्रे हलवली. त्या चित्राविषयी हा धागा.

२/ आधी तोलाचा विचार करू. पाय रोवून उभे राहणे हा धनुर्विद्येचा पहिला धडा. प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर शरीर क्षणभर स्तब्ध व्हावे लागते. एकचाकीचा नियम नेमका उलट. तिचे चाक जमिनीला एकाच ठिकाणी टेकते, त्यामुळे स्वाराला सतत पुढे-मागे पायडल मारत राहावे लागते. थांबला की पडला. त्यात तोल सावरण्यासाठी जे हात पसरायचे, तेच धनुष्यबाणात गुंतलेले.

३/ हलत्या आसनावरून बाण मारण्याचा प्रश्न इतिहासात घोडेस्वारांनी सोडवला. लगाम सोडायचा, गुडघ्यांनी मांड पक्की ठेवायची, रिकिबीत उभे राहून धक्के पायांत जिरवायचे आणि दौडीची लय साधून बाण सोडायचा. मध्य आशियातील स्वारांनी ही विद्या पराकोटीला नेली. मोगल हे त्याच परंपरेचे वारस होते. घोड्यावरचा तिरंदाज हा त्यांच्या लष्कराचा एक आधारस्तंभ होता.

४/ आता चित्राकडे वळू. चित्रकार अबुल हसन, काळ साधारण १६१६, आज हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. बादशहा जहांगीर धनुष्य ताणून उभा आहे. पायाखाली पृथ्वीगोल, गोलाखाली बैल, बैलाखाली मत्स्य. समोर भाल्यावर खोचलेले एक छिन्न शिर. त्या शिरावर घुबड बसले आहे. ते शिर मलिक अंबरचे आहे.

५/ चित्रातील प्रत्येक वस्तू बोलते. बैल आणि मत्स्य हे इस्लामी विश्वकल्पनेतील पृथ्वीचे आधार. गोलावर हिंस्र आणि गरीब प्राणी एकत्र नांदतात, म्हणजे राज्यात न्याय आहे. न्यायाचा तराजूही आहे. आकाशातून पंख असलेली बालके शस्त्रे पुरवतात. ती युरोपीय चित्रांतून आली आहेत. फारसी मजकुरात अंबरच्या काळ्या वर्णाची रात्रीशी आणि घुबडाशी सांगड घालून हेटाळणी केली आहे.

६/ ‘जहांगीर’ म्हणजे जग काबीज करणारा. तेव्हा जगावर उभा राहिलेला बादशहा ही नावाचीच चित्ररूप फोड झाली. मात्र त्याच काळातील युरोपीय कलेत गोलावर उभी असे ती दैवाची देवी, कारण गोल कधी घरंगळेल याचा नेम नाही. मोगल चित्रकाराने अढळ सत्तेसाठी जे आसन निवडले, तेच अन्यत्र अस्थैर्याचे चिन्ह होते. दक्षिणेतील घटना कोणत्या अर्थाच्या बाजूने गेल्या, ते पाहू.

७/ मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला आणि निजामशाही संपली असे वाटले. अंबरने मात्र मुर्तजा या राजपुत्राला परांड्यात गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली.

८/ पुढे १६०७ च्या सुमारास हा दरबार जुन्नरला आला. ही निवड का झाली असावी, हे भूगोलच सांगतो. माथ्यावर शिवनेरी, पश्चिमेला कोकणात उतरणारा नाणेघाट, दक्षिणेस आंबेगावच्या बाजूला घोड नदीचे खोरे आणि आहुपे घाट. सपाट मैदानावर दौडत बाण मारणाऱ्या स्वाराला असा मुलूख अडचणीचा. अंगाखांद्यावर डोंगर वागवणाऱ्या हलक्या घोडदळाला मात्र तो घरच्यासारखा.

९/ अंबरचे बळ याच घोडदळात होते. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या सुमारास त्याच्या सैन्यात १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी असल्याचे नोंदवले आहे. दख्खनी स्वारांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. समोरासमोर लढायचे नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, पाठलाग झाला की डोंगरात शिरायचे. पुढे ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्याची मोठी शाळा येथे भरत होती. तिरंदाजाला लक्ष्य दिसावे लागते; अंबर ते दिसूच देत नसे.

१०/ मग १६१६ मध्ये असे काय घडले? त्या वर्षी जालन्याजवळ रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. त्याचे काही सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. मोगलांनी त्याची खडकी ही राजधानी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, जाळली. दरबारात हर्ष झाला असणार, यात नवल नाही. पण अंबर मारला गेला नाही, पकडलाही गेला नाही. चित्रातील शिर प्रत्यक्षात धडावरच होते.

११/ १६१७ मध्ये शाहजादा खुर्रमने तह घडवला आणि ‘शाहजहान’ हा किताब मिळवला. १६२० मध्ये अंबरने तह मोडून गमावलेला मुलूख पुन्हा घ्यायला सुरुवात केली. खुर्रमला परत दक्षिणेत यावे लागले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

१२/ म्हणजे ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली, ते भातवडीला मोगल होते. अंबर १६२६ मध्ये वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी नैसर्गिक मरणाने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. जहांगीर त्याच्यानंतर जेमतेम दीड वर्षाने, १६२७ च्या ऑक्टोबरात वारला. बाण ताणलेला तो धनुर्धर आपल्या लक्ष्यापर्यंत कधीच पोहोचला नाही.

१३/ त्याच दरबाराची दुसरी साक्षही पाहावी. हाशिम नावाच्या चित्रकाराने १६२० च्या सुमारास काढलेले अंबरचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढऱ्या वस्त्रांतला, सशस्त्र, वृद्ध पण ताठ असा तो पुरुष. आणि अंबरच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकार मुतमदखानाने त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची मोकळेपणाने वाखाणणी केली. बादशहाने आत्मचरित्रात ज्याला शिव्या घातल्या, त्याला बादशहाच्याच माणसांनी मान दिला.

१४/ हे चित्र समाजमाध्यमांवर फिरते तेव्हा खाली अनेकदा विचारणा असते : जहांगीरने मलिक अंबरचा शिरच्छेद केव्हा केला? कधीच नाही. ते घडलेल्या घटनेचे चित्र नाही, इच्छेचे आहे. ऐतिहासिक चित्र हे पुरावा असते, यात शंका नाही. पण बहुधा ते प्रसंगापेक्षा ते काढवून घेणाऱ्याच्या मनाचा पुरावा असते. ज्याच्यावर विजय मिळाला आहे, त्याला चित्रात मारण्याची गरज भासत नाही.

१५/ आणि चित्राबाहेर काय उरले? अंबरने जमिनीची प्रत पाहून बसवलेला महसुली धारा. मराठेशाहीच्या कागदांतही ‘मलिकंबरी’ धाऱ्याचे उल्लेख येत राहिले. जुन्नरला जाणारे आपण सारे शिवनेरीच्या पायऱ्या चढतो, शिवजन्मस्थानी नतमस्तक होतो. ते योग्यच आहे. तेथून खाली शहराकडे पाहताना एवढे आठवावे, की १६३० च्या आधी या खोऱ्यात एका हबशी वजीराच्या हाताखाली मराठा स्वार मोगलांशी झुंजायला शिकत होते.

(धागा समाप्त. अबुल हसनचे चित्र मिळाले तर मोठे करून पाहा, आणि आधी बादशहाचा चेहरा नव्हे, त्याचे पाय पाहा.)